झाकून ठेवलेला भात

त्या रविवारी "चला, सुरू करू या" असं म्हणणारी मी होते. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण मागच्या वेळी लिहिलं तेव्हा नेमकं हेच वाक्य मी गाळलं होतं.

पत्रकं लिहायला मी कॉलेजात शिकले, एका विद्यार्थी संघटनेत. तिथल्या ताईंनी तीन नियम घालून दिले होते. पहिल्या वाक्यात राग, दुसऱ्यात माणूस, तिसऱ्यात मागणी. माणूस एकच घ्यायचा, त्याचे हातपाय दिसले पाहिजेत, आणि दोषी कोण ते वाचणाऱ्याला पानाच्या खाली पोचायच्या आत कळलं पाहिजे. लिहिणारा कुठे उभा होता हे सांगायचा नियम नव्हता. मला तो कधी सुचलाही नाही.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, नाशिकला पेठ रोडच्या बाजूला आहे. इमारत लहान, मागे पत्र्याची शेड. येणारे लोक दोन प्रकारचे. एक आम्ही शहरातले. आजोबा-पणजोबांपासून ख्रिस्ती, कोणी शिक्षक, कोणी नर्स, कोणी सातपूरला कंपनीत. दुसरे पेठ-सुरगाण्याकडचे डोंगरातले लोक, जे द्राक्षबागांच्या कामाला खाली येतात आणि हंगामभर बागेशेजारच्या खोल्यांत राहतात. उपासनेला आम्ही बाकांवर बसायचो आणि ते मागे सतरंजीवर. बाकं मोकळी असली तरी सतरंजीवर. त्यांना कोणी उठवलेलं नव्हतं आणि कोणी बोलावलेलंही नव्हतं. पाळकसाहेबांचं आशीर्वचन झालं की आम्ही गाड्या काढायचो, ते रिक्षा शोधायचे. "सलाम" व्हायचा, तोही दारात.

माझं डोकं यावरच फिरलं होतं. पहिल्या मंडळीचं नाव घेतलं नाही असा आमच्याकडे एकही उपदेश जात नाही. यरुशलेमातले ते पहिले विश्वासी सगळं सामाईक ठेवत, घरोघर एकत्र जेवत, कोणाला काही कमी पडू देत नसत. हे ऐकून आमचे डोळे पाणावतात आणि मग आम्ही घरी जाऊन आपापलं मटण खातो. मी पत्रक काढलं, 'प्रभूचं मेज एक, आपली मेजं अलग?' आणि मागणी केली की महिन्यातून दोन रविवार उपासनेनंतर सगळ्यांनी एका पातेल्यातलं जेवायचं.

तांदूळ कुठून आणायचे हा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे मुठीचे तांदूळ असतात. घरात भाताला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची आणि महिनाअखेरीस तो डबा मंडळीच्या कोठीत रिकामा करायचा. शहरातल्या बऱ्याच घरांत हे आता थांबलं होतं. मागच्या सतरंजीवरच्या बायका मात्र न चुकता आणायच्या, फडक्यात बांधून, आपल्या डोंगरातला जाडसर लालसर तांदूळ. कोठीत निम्म्याहून जास्त तांदूळ त्यांचाच असायचा.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी कुरकुर केलीच. बँकेतून निवृत्त झालेले एक पंच म्हणाले, "भांडी कोण घासणार? पहिल्या मंडळीत घासायला दासदासी होत्या, ते तुझ्या पत्रकात आलं नाही."

मी म्हटलं, "मी घासेन."

"लेखी दे," ते म्हणाले आणि हसले. पण पाळकसाहेबांनी परवानगी दिली.

स्वयंपाक काकूंनी अंगावर घेतला. काकू म्हणजे सिव्हिलमधून निवृत्त झालेल्या परिचारिका, पस्तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या. कोठीची किल्ली त्यांच्याकडेच असायची, कमरेला, रुमालाच्या गाठीत. बोलणं कमी, नजर वॉर्डातली. डाळ, भात, बटाट्याची भाजी. आठवड्यापूर्वी कोणाचं बाळंतपण झालं असेल तर त्या घरी वेगळा डबा. दोन महिने हे झकास चाललं. सतरंजी आणि बाकं यांच्यात पहिल्यांदाच बोलणं सुरू झालं, तेही लोणच्यावरून. मी फुलून गेले होते. सांगायला लाज वाटते, पण मला वाटायचं की हे मी केलं.

मग डिपिंगचा हंगाम आला. द्राक्षाचा घड औषधाच्या पाण्यात बुडवायचा, एकेक करून, हातातल्या मगाने. बागेचा दिवस ठरला की तो पाळावाच लागतो, घडाला रविवार कळत नाही. सतरंजीवरच्या बायका आता उपासनेला येऊ शकत नव्हत्या. पण सकाळचं काम उरकून जेवणाला आणि शेवटच्या प्रार्थनेला येतो, असा त्यांनी निरोप धाडला होता. "एक वाजंल," असं फोनवर सांगणारी त्यांच्यातली सगळ्यात मोठी, टोळीची पुढारीण. पन्नाशीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सगळे तिला बाईच म्हणतात, मीही तसंच लिहिते.

त्या रविवारी मी पाहुणे बोलावले होते. सिन्नर आणि सटाण्याच्या मंडळ्यांमधली तरुण मुलं-मुली, आमचं 'एकत्र भोजन' बघायला. त्यांना दीडची एसटी पकडायची होती. साडेबारा झाले होते, डाळीला फोडणी बसली होती. सटाण्याची एक मुलगी माझा फोन घेऊन व्हिडिओ काढत होती. मी तिला सांगितलं होतं की पहिली पंगत बसताना घे, छान दिसेल.

काकू म्हणाल्या, "पेठवाल्या यायच्यात अजून. थांबू या."

"काकू, यांची गाडी आहे. त्यांचं काढून ठेवा ना. चला, सुरू करू या."

काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि एक मोठं पातेलं भरून भात काढला, झाकण घातलं आणि डाळीच्या गंजासकट कोपऱ्यात सरकवलं. मग त्या पाण्याचे पेले भरायला नळावर गेल्या.

पाहुणे भुकेले होते. पहाटे निघालेले. समोरचं पातेलं संपलं आणि एकाने ताट पुढे केलं. मी कोपऱ्यातलं झाकण उघडलं. मनात म्हटलं, थोडंसं. मग दुसऱ्याने ताट पुढे केलं. सव्वा वाजत आला होता, मी स्वतःशी म्हटलं की आता त्या काही येत नाहीत. कोणीतरी म्हणालं, "ताई, भात भारी आहे, कुठला?" आणि मी वाढता वाढता मोठ्या अभिमानाने सांगितलं की हा आमच्या डोंगरातल्या बहिणींच्या मुठीचा.

पाहुणे गेले आणि पाच मिनिटांत पिकअप येऊन थांबली. सात बायका उतरल्या. पदर खोचलेले, हातांना औषधाचा वास. बाई पुढे होती. तिने शेडमध्ये पाहिलं, पातेल्यांकडे पाहिलं. काकू तिच्याआधी कोपऱ्यातल्या पातेल्यापाशी पोचल्या आणि झाकण उचलून तशाच उभ्या राहिल्या. तळाला चिकटलेली चार शितं होती.

"बसा, मी टाकते पुन्हा," काकू म्हणाल्या. "वीस मिनिटं."

"नको नको. जेवूनच आलो आम्ही," बाई म्हणाली. तिच्या मागची एक तरुण पोर खाली बघत राहिली. "दोनला गाडी माघारी जाती. च्या असंल तर द्या."

चहा झाला, बिस्किटं झाली. आणि मग, कोणी काही म्हणायच्या आत, त्या सातजणी नळावर बसल्या आणि भांडी घासायला लागल्या. मी धावले, "अहो, ते माझं काम आहे."

"असू दे गं," बाई म्हणाली. "हात वलेच हायत."

मी घरी आले ती पेटलेलीच. आणि इथे मला नीट सांगायचं आहे, कारण लोकांना वाटेल मी कट केला. मी कट केला नाही. मला खरोखर संताप आला होता आणि तो कोणावर आहे हे मी स्वतःला विचारलंच नाही. संतापाचं तसं असतं, तो आधी आपल्याला बाजूला ठेवतो आणि मग दोषी शोधायला निघतो. त्याच दुपारी मी बसून पत्रक लिहिलं. बायबलमधली करिंथची मंडळी घेतली. तिथे सुखवस्तू लोक लवकर येऊन जेवून घेत, कामकरी उशिरा पोचत आणि उपाशी राहत. म्हणून प्रेषिताने त्यांना खडसावलं होतं की जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. मी लिहिलं, करिंथ आता पेठ रोडवर आहे. ज्या विधवा बहिणीच्या मुठीचा तांदूळ पातेल्यात होता, तिला त्यातलं शितही मिळालं नाही, आणि तीच पातेली तिने उपाशीपोटी घासली. जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

एकही ओळ खोटी नव्हती.

पुढच्या रविवारी मी दारात उभी राहून ते वाटलं. पाळकसाहेबांनी उपदेशाच्या आधी वाचून दाखवलं. बायकांनी डोळे पुसले. तेच निवृत्त पंच, ज्यांच्यावर मी नेम धरला होता, ते उभे राहून म्हणाले, "व्यवस्था पाहणारे म्हणजे कोण? आम्ही पंच चमचा धरत नाही. किल्ली कोणाकडे असते?" सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या.

काकूंनी रुमालाची गाठ सोडली. किल्ली मेजावर ठेवली. जाताना माझ्या बाकापाशी त्या थांबल्या नाहीत, फक्त चाल जरा मंद झाली. मी बोलेन म्हणून त्यांनी तेवढा वेळ दिला होता, हे मला आज कळतं. मी हातातल्या उरलेल्या प्रतींच्या कडा जुळवत बसले.

बाई आणि तिच्या टोळीतल्या बायका त्या रविवारी बागेच्या कामामुळे आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या, जेवणाच्या रविवारीही आल्या नाहीत. तांदळाची फडकी आली नाहीत. काकूंच्या जागी एक नवीन बाई स्वयंपाक बघू लागल्या होत्या, त्यांनी दुकानातला तांदूळ आणला. लोक म्हणाले, मोकळा झालाय.

मी गिरणाऱ्याकडे बागेवर गेले. अजूनही माझ्या डोक्यात होतं की मी तिची समजूत घालायला चालले आहे. दुपारची सुट्टी होती, बायका खोल्यांपुढे भाकरी खात बसल्या होत्या. बाईने मला पोतं पसरून दिलं, पाणी दिलं. मग नागलीची भाकर आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला.

"जेव. आमच्यात पाव्हण्याचं संपत नाय," ती म्हणाली. बाकीच्या खुसखुसल्या.

मी खाल्लं.

"तुमचा कागद ग्रुपवर आला, तो वाचला हिनं," तिने शेजारच्या तरुण पोरीकडे बोट केलं. "दोनदा वाचाया लावला मी."

"त्यात काही खोटं आहे का, बाई?"

"खोटं काय नाय." तिने ठेच्याचं बोट चाटलं. "तू कुठं हायस त्यात?"

तिने त्या पोरीला खूण केली आणि पोरीने फोन पुढे केला. माझाच व्हिडिओ. मीच ग्रुपवर टाकलेला, हृदयाची चिन्हं लावून. त्यात काकूंचं थांबू या ऐकू येतं, माझं चला ऐकू येतं. आणि शेवटी, कोपऱ्यात, माझा हात दिसतो. हातात झाकण आहे.

"आवाज तुझा, हात तुझा," बाई म्हणाली. ती चिडलेली नव्हती, आणि तेच सहन होत नव्हतं. "भुकेचं काय, भूक रोजची. आम्ही जेवूनच आलो म्हनलो ते कशापायी? तुमची लाज झाकाया. तू ती छापून वाटली. आता मी आली का समदी माझ्याकडं बघतील, ही ती उपाशी रांडमुंड. मला भिकारीन करून टाकली."

"मी तुमच्या बाजूनं लिहिलं होतं."

"मला इचारलं?"

मी मान हलवली. नाही.

"आन ती भांडी. पाव्हणी जाऊ का घासल्याबिगर? माझ्या घरी तू घासशील का नाय?" ती थांबली. "त्या सिस्टरबाईनं आमच्यासाठी भात झाकला व्हता. तिचीच किल्ली गेली. ती किल्ली तिच्या कमरेला परत दिसंल तवा आम्ही येऊ. तवर तांदूळ बी नाय."

परत येताना गिरणारे ते नाशिक मी बसच्या खिडकीपाशी उभी होते आणि मनातल्या मनात नवीन पत्रक लिहीत होते. सवय. पहिलं वाक्य तयारही झालं, 'आपल्या सर्वांकडून एक चूक झाली.' आपल्या सर्वांकडून! मखमलाबादच्या पुढे मला त्या वाक्याची किळस आली. दोष सगळ्यांत वाटून टाकला की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येतो, आणि माझ्याही.

पहिल्या मंडळीची एक गोष्ट आम्ही तरुण संघात नाटुकल्यासारखी करायचो. एक नवरा-बायको शेत विकतात, त्यातला काही भाग गुपचूप मागे ठेवतात आणि उरलेला हे सगळं आहे म्हणून प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवतात. दोघंही तिथेच कोसळतात. मी ती बायको व्हायचे आणि फार छान पडायचे, टाळ्या मिळायच्या. मला नेहमी वाटायचं की ही श्रीमंतांना सांगायची गोष्ट आहे. पण त्या दोघांना कोणी म्हटलं नव्हतं की सगळं द्या. ठेवलं असतं आणि ठेवलं म्हणून सांगितलं असतं तर काही बिघडत नव्हतं. अर्धं आणून पूर्ण म्हणाले, एवढंच. मीही तेच केलं. खऱ्याचा काही भाग मागे ठेवला आणि उरलेलं, हे पूर्ण सत्य आहे म्हणून, मंडळीच्या पायाशी ठेवलं. माझ्याकडे विकायला शेत नव्हतं, म्हणून मला वाटलं की हे पाप मला शक्यच नाही.

आज पहिल्या मंडळीकडे परत चला म्हणणाऱ्यांना मी हेच सांगेन, मला विचारलं तर. मी तिच्याकडे निघाले होते आणि करिंथला पोचले. करिंथची पंगतही पहिल्याच विश्वासी लोकांची होती. ते काही वाईट लोक नव्हते, घाईत होते.

पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी मी उभी राहिले. आमच्याकडे साक्ष म्हणजे आजारातून बरं झालं, नोकरी लागली, व्हिसा आला. लोकांनी हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी कागद नेला नव्हता. म्हटलं, काकू थांबू या म्हणाल्या होत्या. सुरू करू या मी म्हणाले. पेठच्या बहिणींसाठी काकूंनी भात झाकून ठेवला होता, ते झाकण मी उघडलं आणि माझ्या पाहुण्यांना वाढलं. मग मी पत्रक लिहिलं आणि हे त्यात घातलं नाही. काकूंची किल्ली गेली तेव्हाही मी इथेच बसले होते. आणि बाईंना न विचारता त्यांचं दुःख मी छापलं.

इतकंच. दोन मिनिटंही लागली नाहीत.

निवृत्त पंच म्हणाले, "या वेळी पत्रक नाही छापलं?"

कोणी हसलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, "किल्ली कोणाकडे आहे?" नवीन बाईंनी ती पर्समधून काढली आणि स्वतः काकूंच्या बाकापर्यंत नेऊन दिली. काकूंनी घेतली. गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला, बोटं जाड झाली आहेत आता. उपासना संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, "माफ केलंय. पण पस्तीस वर्षांत माझ्या वॉर्डात कोणाचा डबा चुकला नव्हता. माझ्याकडून तो चुकला, हे लोकांना दोन आठवडे खरं वाटलं." मग चप्पल घालून निघून गेल्या.

गिरणाऱ्याला मी फोन केला. बाईने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बघू."

त्यानंतरच्या जेवणाच्या रविवारी साडेबाराला डाळ तयार होती. कोणी सुरू करू या म्हटलं नाही. एक वाजला. मुलं रडायला लागली, काकूंनी त्यांना केळी दिली. दीड वाजता चारपाच घरं गाड्या काढून निघून गेली, त्यांत एक माझ्या मामाचं. डाळीवर साय धरली. मी दारात उभी होते आणि पहिल्यांदाच माझ्या हातात वाटायला काही नव्हतं.

पावणेदोनला पिकअप आली. बाई उतरली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. शेडमध्ये जाऊन काकूंच्या कमरेकडे पाहिलं, मग बरोबरच्या पोरीच्या हातातलं फडकं घेऊन काकूंपुढे धरलं. काकू म्हणाल्या, "बसा आधी."

सगळे एकदमच जेवले, गार डाळभात. जेवण झाल्यावर टोळीतल्या बायका सवयीने नळाकडे निघाल्या, तर बाईने त्यांना हाताने थांबवलं. आपलं ताट तिने माझ्यापुढे ठेवलं. मग बाकीच्या सहाजणींनी. मी घासायला बसले.

तेव्हापासून भांडी माझ्याकडे आहेत, पंचांना लेखी न देता. ताटं मी मांडते, पाणी मी वाढते. उशिरा येणाऱ्यांसाठी एक पातेलं अजूनही कोपऱ्यात ठेवतात. त्याला हात लावायला मला कोणी मनाई केलेली नाही. काकू फक्त नळावर जाताना ते बरोबर घेऊन जातात.